हौदात कोण उतरतं

तूर तिच्या बगलेपर्यंत आली होती आणि अजून सरकत होती. मी हौदाच्या कडेला पालथी पडून दोन्ही हात खाली सोडले होते. एका हातात तिचं मनगट, दुसऱ्या हातात तिच्या पोलक्याची पाठ. माझ्या पायांवर उदगीरवाली बसली होती, नाहीतर मीही आत गेले असते.

"मावशी, खालून कुणीतरी ओढायलंय," ती म्हणाली.

"कुनी न्हाई. मशीन हाय. गप ऱ्हा."

"मग बंद करा की वो."

बंद करायचा खटका वरच्या मजल्यावर होता. तिथं ऑपरेटर होता आणि त्याच्या कानाशी पंखे, चाळण्या, पट्टे सगळं एकदम चालू होतं. मी इतकी ओरडले की पुढं चार दिवस माझा आवाज फुटत नव्हता. त्याला काही ऐकू गेलं नाही. भरतीचं काम बघणारी मॅडम ऑफिसातून बाहेर आली, हौदात डोकावली, पायातल्या चपला तिथंच टाकल्या आणि लोखंडी जिना अनवाणी चढत गेली. ती वर पोचेपर्यंत तूर खांद्यावर चढली. पोलकं माझ्या हातातून सुटलं. मनगट सुटलं नाही.

मशीन थांबली तेव्हा तूर तिच्या गळ्याच्या खळीला टेकली होती. एक हात आत, एक हात माझ्या हातात. तोंड वर. एकदम इतकं शांत झालं की तिचा श्वास ऐकू यायला लागला, आणि तो मला आवडला नाही.

ती त्या हौदात माझ्यामुळं होती. मी तिला ढकललं नव्हतं, पण होती माझ्यामुळंच. ते कसं झालं ते लिहिते.

लातूरला दाळमिलमध्ये मी बायकांची मुकादमीण होते. वीसेक बाया माझ्या हाताखाली. माझं शिक्षण चौथी. बायांना आम्ही नावानं हाक मारत नव्हतो, गावानं मारायचो. उदगीरवाली, मुरुडवाली, किल्लारीची थोरली, किल्लारीची धाकटी. दाळ निवडणं, चाळणं, पोती शिवणं, झाडणं, हे आमचं काम. त्या जागेवर माझी उमर गेली, आणि मिलचा कारभार माझ्याशिवाय चालत नाही असं मला वाटायचं. थोडं खरंही होतं.

हौद म्हणजे जमिनीत बांधलेला खोल खड्डा. वर रुंद, खाली निमुळता. ट्रकमधली तूर त्यात ओतायची. तळाला भोक, तिथून बादल्यांचा पट्टा तूर उचलून वरच्या टाकीत नेतो. तोंडावर लोखंडी जाळी असते. माल ओला आला, काडीकचरा जास्त आला, की तूर आतल्या आत धरते, गच्च बसते. वरून हौद भरलेला दिसतो, खाली पोकळ होतं आणि पट्टा रिकामा फिरत राहतो. मग जाळीचा एक तुकडा उचलायचा आणि एका माणसानं सळई घेऊन आत उतरायचं. तुरीवर उभं राहून, वरच्या जाळीला एका हातानं धरून, सळईनं टोचायचं. धरलेली तूर फुटली की पटकन वर यायचं.

भिंतीवर लाल रंगात पाटी होती, हौदात उतरण्यास सक्त मनाई. ती पाटी आम्हीच दर दिवाळीला पुसून स्वच्छ करायचो.

उतरायच्या बाया. पुरुष जड असतात, त्यांच्या वजनानं तूर एकदम फुटते. बारीक अंगाची बाई लागते. आणि बाया का उतरायच्या, तर त्याची एक रीत होती. ती मीच घातली होती. जी हौदात उतरेल तिला त्या दिवशी चारला सुट्टी. बाकीच्यांना सहा. ज्यांची लेकरं लहान, ज्यांची सासू आजारी, ज्यांना आठवडी बाजार गाठायचा, त्या पाळीसाठी भांडायच्या. पाळी मी द्यायचे. कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे माझ्या हातात होतं. मालकाला सगळं ठाऊक होतं आणि काहीच ठाऊक नव्हतं. हौदाकडं तो कधी यायचा नाही, बस.

आणखी एक रीत होती, ती माझी नव्हती, जुन्या ऑपरेटरची होती. पट्टा थांबवलेला असला आणि पुन्हा चालू करायचा असला, की तो जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायचा, "हाय का कुनी?" खाली हौदाशी जी असेल तिनं उत्तर द्यायचं. आत बाई असली तर "हाय!" नसली तर "चालू दे!" उत्तर आलं नाही तर तो मशीन लावत नव्हता. तंबाखूची पिंक टाकत उभा राहायचा आणि शिव्या द्यायचा. "झोपल्या का गं सगळ्या? का नवऱ्याकडं गेल्या?" मग कुणीतरी ओरडायची, "तुझ्या बायकूकडं गेलो होतो, तुझं रडगाणं ऐकाया!" एवढाच आमचा बंदोबस्त होता. त्यावर माझ्या काळात एकाही बाईला खरचटलं नाही.

मग मालकाच्या मुलानं कारभार हातात घेतला आणि एचआर मॅडमला आणलं. नांदेडची पोरगी. वय माझ्या नातीएवढं. खांद्याला पिशवी, हातात पॅड, त्यावर कागद अडकवलेले. मला वाटलं चार दिवस हिंडेल आणि जाईल. ती गेली नाही. ती आमच्यात पाटावर बसली. आठ-दहा दिवस. कोण काय उचलतं, किती वेळ बसतं, कितींदा उठतं, काय बघून खडा ओळखतं, सगळं लिहीत बसली. बायांना आधी लाज वाटली, मग मजा वाटायला लागली.

"म्याडम, मी मुतायला चालले. लिवा."

"लिहिलं," ती म्हणायची, आणि खरंच लिहायची.

मला तिचा राग यायचा. बसल्या जागी मला चैन पडेना. मी उगाच पोती मोजायची, उगाच कुणावर तरी खेकसायची. ती माझ्याकडं आली तेव्हा मी झाडू हातात घेतला, जरी झाडणं माझं काम नव्हतं.

"मावशी, तुम्ही सकाळी आल्यापासून काय काय करता?"

"येते. बघते."

"काय बघता?"

"कोन रडून आली ते."

तिनं पेन थांबवलं. हे कुठल्या रकान्यात टाकायचं ते तिला कळलं नसावं. मग तिनं मला समजावून सांगितलं. आधी काम काय आहे ते नीट लिहायचं, आहे तसं, असावं तसं नाही. मग त्या कामाला कसा माणूस लागतो ते लिहायचं. मग तसा माणूस शोधायचा. "आपल्याकडं उलटं होतं मावशी. आधी माणूस घेतात, मग त्याला काम शोधतात. आणि जे काम कागदावर येत नाही, त्याला धड माणूस मिळत नाही आणि त्याची फिकीरपण कुणी करत नाही."

मला ते पटलं होतं. हे कबूल करते. पटलं म्हणूनच मी जास्त परेशान झाले. कारण तिचा पुढचा प्रश्न मला माहीत होता.

दोन दिवसांनी आला. किल्लारीची धाकटी त्या दिवशी हौदातून निघाली होती, चारला घरी जायच्या घाईत नळावर हात धूत होती. तुरीची भुकटी तिच्या केसांत, भुवयांत, बगलेपर्यंत. मॅडमनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मावशी, हौदात कोण उतरतं?"

"कुनी न्हाई."

"मग हिच्या अंगावर एवढी धूळ?"

"जाळी पुसत हुती."

मी नजर खाली केली नाही. मग तिनं लिहिलं. पुढच्या आठवड्यात टाईप केलेला कागद माझ्यापुढं आला, माझ्या कामाच्या चार ओळी होत्या. हजेरी घेणे, काम वाटून देणे, माल तपासणे, जागा स्वच्छ ठेवणे. खाली एक ओळ बायांच्या कामाची, की हौदाजवळ कोणतेही काम नाही. मी सगळं वाचलं. मला वाचता येतं. आणि सही केली.

का केली? हौद कागदावर आला असता तर दुसऱ्या दिवशी बंद झाला असता. चारची सुट्टी गेली असती. बाया माझ्याकडं पाळी मागायला आल्या नसत्या. कुणी मला विचारलं तर मी बायांचं नाव पुढं करायची, की त्यांच्या लेकरांसाठी केलं. तेही खरं आहे. पण पाळी देताना मला बरं वाटायचं, हे त्याहून जास्त खरं आहे.

मग भरती निघाली. बाया कमी पडत होत्या. आतापर्यंत भरती मी करायची. माझी रीत सोपी होती. बाई आली की तिच्यापुढं सूप ठेवायचं, तूर ओतायची आणि बोलत बसायचं. सासू कशी आहे विचारायचं. पहिल्या दोन मिनिटांत सासूची गाऱ्हाणी सुरू झाली तर ती बाई चार दिवसांत माझीही गाऱ्हाणी करणार. बोलता बोलता हात थांबला तर तिला निवडणं जमायचं नाही. आणि अंगानं बारीक आहे का, तेही बघायची. ते कुणाला सांगत नव्हते.

मॅडमनं मला शेजारी खुर्ची दिली. खुर्चीवर बसून माणूस पारखायची मला सवय नव्हती, पाय जमिनीला धड टेकत नव्हते. तिनं सगळ्यांना तेच प्रश्न तसेच्या तसे विचारायचं ठरवलं होतं, म्हणजे कुणावर अन्याय नको. किल्लारीहून एक जाडजूड बाई आली होती.

"तुमची ताकद कशात आहे असं तुम्हाला वाटतं?"

"पोतं उचलते की. क्विंटलचं न्हाई, पन्नासचं."

"आणि कमजोरी?"

"रगत कमी हाय म्हनले डाक्टर. गोळ्या खायलेव."

मी तोंडाला पदर लावला. मॅडमनं हसू दाबलं आणि कागदावर लिहिलं, प्रामाणिक. तिला घेतलं. मी घेतलं नसतं. ती बाई पुढं चांगली निघाली.

जळकोटची त्याच दिवशी आली. बावीस-तेवीस वर्षांची, बारावी झालेली, काडीसारखी. सात महिन्यांचं लेकरू सासूजवळ ठेवून आलेली. नवरा पुण्याला कंपनीत, ही आणि सासू लातूरला खोलीत. प्रश्नांची उत्तरं तिनं शाळेत देतात तशी हात मागं बांधून दिली. मॅडमला ती एकदम पसंत पडली. मलाही पडली, पण वेगळ्या कारणानं. मी तिचं अंग बघितलं. हौदाला ही चालेल, असं माझ्या मनात आलं.

ती कामाला लागली आणि थोड्याच दिवसांत जुना ऑपरेटर काम सोडून गेला. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. त्याच्या जागी मॅडमनं नवा माणूस घेतला, आयटीआय झालेला, शांत, टापटीप. त्याला त्याच्या कामाचा कागद मिळाला. वरची टाकी रिकामी झाली की पट्टा चालू करावा. पट्टा रिकामा फिरला की बंद करावा. दर तासाला बेअरिंगला हात लावून बघावा. चांगला कागद होता. फक्त ओरडायचं त्यात नव्हतं. असणार कसं? हौदात कुणी उतरतच नाही, तर ओरडायचं कशाला? जुन्या ऑपरेटरलाही मॅडमनं बसवून विचारलं होतं, पण त्यानं मला आधी विचारलं, "बाई, हौदाचं काय सांगू?" मी म्हणाले, काही सांगू नको. तो माझ्या शब्दातला माणूस होता.

नव्याला सांगायला हवं हे मला पहिल्या दिवशीच कळलं. त्याला सांगायचं म्हणजे तो मॅडमला विचारणार, हे कागदावर का नाही? आज सांगते, उद्या सांगते, असं चाललं. रोज सकाळी मी जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. सुदैवानं माल कोरडा येत होता, हौद धरत नव्हता. चार दिवस गेले. घरी भाकरी तव्यावर टाकून मी दाराबाहेर जाऊन उभी राहायची, भाकर करपायची.

पाचव्या दिवशी जळकोटकडूनच ट्रक आला. पावसात भिजलेला माल. दुपारी हौदानं धरलं. ऑपरेटरनं पट्टा बंद केला आणि वरूनच सांगितलं, माल येत नाही. पाळी मुरुडवालीची होती. ती सळई घ्यायला वाकली तोच जळकोटची माझ्याजवळ आली.

"मावशी, आज मला द्या की. लेकराला रात्रीपासून ताप हाय. सासूबाई एकल्या हायत."

मुरुडवाली म्हणाली, "जा बाई, तू जा. माझं काय, घरी जाऊन तोंडच बघायचं हाय म्हाताऱ्याचं."

मी तिला कसं उतरायचं ते सांगितलं. जाळी सोडू नको. तूर हलली की वर ये. टोचताना खाली बघू नको, माझ्याकडं बघ. हे सगळं सांगितलं. वरच्या माणसाला काही सांगितलं नाही. मनात आलं, टाकी तर आत्ताच भरली आहे, तो लगेच काही लावणार नाही. टाकी भरली होती की नव्हती, हे मी बघितलं नव्हतं.

तिनं तीन-चार वेळा टोचलं. तूर फुटली, थोडी खचली, ती हसली. "झालं मावशी." आणि जाळीवरचा हात सोडून तिनं सळई वर माझ्या हातात दिली. तेवढ्यात वर टाकी रिकामी झाली आणि कागदाप्रमाणं ऑपरेटरनं पट्टा चालू केला.

आता परत तिथं येते.

मशीन थांबल्यावर गडी धावत आले. त्यांनी दोर आणला, तिच्या बगलेखालून कसाबसा घातला आणि चौघांनी ओढला. ती एकदाच ओरडली. खांदा निखळला. तूर तसूभर हलली नाही. मला माहीत नव्हतं की तूर माणसाला अशी आवळते. तिनं श्वास सोडला की मोकळी झालेली जागा तूर भरून काढायची. पुढच्या श्वासाला जागा कमी. असा प्रत्येक श्वास.

"दोर सोडा," उदगीरवाली म्हणाली. ती माझ्या पायांवरून उठली होती. "सोडा म्हनते ना! दोन तुकडे करताव का पोरीचे? पत्रे आना."

तिचा बाप विहिरी खोदायचा. वाळूत विहीर खोदताना कडेची वाळू सारखी आत ढासळते, तेव्हा आधी सिमेंटचं गोल कडं उतरवतात आणि मग आतली वाळू काढतात, हे तिनं बघितलं होतं. गोदामाच्या छपराचे चार जुने पत्रे पडले होते. फळ्या टाकून दोन बाया फळ्यांवर उतरल्या, पुरुष नाही. पत्रे तिच्या चारी बाजूंनी तुरीत खुपसले, वरून हातोडीनं ठोकले. आणि मग आतली तूर काढायला सुरुवात केली. घमेलं आत मावत नव्हतं. तांब्यानं काढली. एक तांब्या, दुसरा तांब्या. बाहेरच्या बाया रांगेनं उभ्या राहून तांबे हातोहात द्यायच्या.

मी तिची हनुवटी धरून होते.

"लेकराला ताप हाय," ती म्हणाली.

"ठाव हाय. बोलू नको. हवा जाती."

"चारला सोडता ना?"

मी पदरानं तिच्या पापण्यांवरची भुकटी पुसली.

मध्येच ती मला बघायची थांबली. डोळे उघडे, पण मला बघत नव्हती. ओठ निळे पडायला लागले होते. मी तिच्या गालावर मारलं, जोरात. परत मारलं. तिनं बघितलं. असं तीनदा झालं. छातीपर्यंत तूर खाली गेली तेव्हा तिनं पहिला मोठा श्वास घेतला आणि खोकली, आणि तिच्या तोंडातून भुकटीचा चिखल आला. अग्निशमनवाले पोचले तेव्हा कमरेपर्यंत मोकळी झाली होती. त्यांनी बाकीचं केलं आणि तिला नेलं.

ऑपरेटर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. मालकाचा मुलगा त्याच्यावर ओरडत होता, बघून मशीन लावायची अक्कल नाही का, पोलिसांत देतो. ऑपरेटरच्या हातात त्याच्या कामाचा कागद होता. तो कागद नुसता पुढं धरत होता.

मी म्हणाले, "त्याचं काही न्हाई. त्याला ठावच नव्हतं. मी लपवलं."

कुणी ऐकलं नाही असं वाटलं. मॅडमनं ऐकलं. तिच्या पायाला जिन्याचा पत्रा लागून रक्त येत होतं, तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"मावशी, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हाव."

"मी सरळ विचारलं होतं, हौदात कोण उतरतं."

"हाव. मी कुनी न्हाई म्हनले."

"मला धूळ दिसली होती," ती म्हणाली. "दिसली होती आणि मी लिहून मोकळी झाले. परत विचारलं नाही."

"तुमचं तुमच्यापाशी ठेवा म्याडम," मी म्हणाले. "माझं मला पुरं हाय."

दवाखान्यात बाहेर फरशीवर जळकोटच्या पोरीची सासू बसली होती, मांडीवर लेकरू. लेकराचं अंग अजून गरमच. मी जवळ गेले तशी तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमी मुकादमीण का?"

"हाव."

"मुकादमीण वर आन् माझी सून खाली. चांगलं हाय की."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. लेकरू मी घ्यायला हात पुढं केला, तिनं दिलं नाही. बरोबर केलं. डॉक्टर म्हणाले, बरगड्या मोडल्यात, त्या जुळतील. छातीत भुकटी गेली आहे आणि ताप चढतोय, त्याचं आत्ता सांगता येत नाही. दोन दिवस बघू. दोनाचे चार झाले, ताप उतरेना. नवरा पुण्याहून आला, आल्यापासून काचेतून आत बघत उभा.

मला घरी बसवत नव्हतं आणि दवाखान्यातही बसवत नव्हतं. सकाळी मिलमध्ये जायची, कारण मॅडमनं बोलावलं होतं. मालकाच्या मुलानं मला कामावरून काढलं होतं, पण तिनं हट्टानं चार दिवस मागून घेतले. म्हणाली, तुमच्या जागी जी येईल तिच्यासाठी तुमचं काम लिहायचं आहे. या वेळेला खरं.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. पहिल्या खेपेला चार ओळी होत्या, आता पानं भरली. कुणाला दम्याचा त्रास आहे, तिला भुशाजवळ बसवायचं नाही. कुणाकुणाचं पटत नाही. चाळणीचा आवाज कसा बदलला की जाळी फाटलेली असते. ओरडणं. उत्तर. चारची सुट्टी. पाळी कशी द्यायची ते सांगताना माझी जीभ अडखळली, पण सांगितलं, आवडीनिवडीनं द्यायची ते. तिनं तेही लिहिलं.

शेवटी तिनं विचारलं, "या जागेवर माणूस घेताना काय बघायचं?"

"मला इचारून काय उपेग?"

"तुम्हालाच विचारते."

मी विचार केला. "जी आपली चूक त्याच दिवशी सांगती ती बगा. दुसऱ्या दिवशी सांगनारी घेऊ नका. मी पाच दिवस लावले."

ते लिहून घेऊन ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी दवाखान्यात गेले.

बाया माझ्यावर रागावल्या. त्यांच्यातल्या निम्म्या अजून रस्त्यात दिसल्या तर बोलत नाहीत. हौदाला हलवणारं यंत्र बसवलं, जाळी कायमची जोडून टाकली, आता कुणाला उतरावं लागत नाही. पण चारची सुट्टी गेली. मुरुडवाली मला तोंडावर म्हणाली, "तुमी तोंड उघडायचं हुतं तर आदी उघडायचं, न्हाईतर कधीच नको हुतं." ऑपरेटरला पोलिसांनी विचारपूस करून सोडलं. मालकानंही कामावर ठेवलं होतं. पण तो खटक्याला हात लावेना. दोनदा जिना चढला आणि तसाच खाली आला. गावाकडं गेला.

दवाखान्यात मी रोज त्याच भिंतीशी बसायची. सासू मी आणलेली भाकरी परत करायची बंद झाली. सातव्या दिवशी लेकराचा ताप उतरला, त्याच्या आईचा नाही. आठव्या रात्री तिला श्वासाला मशीन लावली. दुसऱ्या दिवशी काढली. त्यानंतर ताप हळूहळू खाली आला आणि तिला बसतं केलं. मी दाराशी गेले. तिनं मला बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. मी परत फिरले, ते पुन्हा गेले नाही.

आता ती जळकोटला असते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पळालं की धाप लागते. लेकरू शाळेत जातं. हे मला उदगीरवालीनं सांगितलं, तिच्याकडून काही निरोप नाही, मी काही मागितलेला नाही.

मॅडमनं विचारलं होतं, हौदात कोण उतरतं; त्या दिवशी त्याचं उत्तर ती होती. ती जगली.